पोटावरची घडी
भिवंडीकर वाचकांना कापडाची दुमड शिकवायला नको. पण एका दुमडीने माणसे जगवली, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. मोठे आतडे काढावे लागले, की लहान आतड्याचे तोंड पोटावर आणतात. तीच इलिऑस्टॉमी. पूर्वी पाचक रसाने भोवतालची कातडी सोलून निघे. तोंड सुजून वाट अडे, कळा येत. १९५२ साली बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रुक यांनी ते टोक सदऱ्याच्या बाहीसारखे बाहेर उलटून शिवले. एवढेच! पुढे १९५४ साली एलिसे सोरेन्सन या डॅनिश परिचारिकेला शस्त्रक्रिया झालेल्या बहिणीसाठी चिकटणारी पिशवी सुचली. १९७५ साली मुंबईत अशा रुग्णांची संघटना निघाली. फराळाला ही मंडळी खुशाल बसतात. फक्त चिवड्यातले खोबरे बारीक चावावे, नाहीतर वाट तुंबते. कळ उठली नि पिशवी कोरडीच राहिली, तर पाडवा असो की भाऊबीज, डॉक्टरांकडे तडक निघावे.