दिवसाचा हिशेब

देवगिरीच्या किल्ल्याशी निगडित एक कथा मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पैठणचे एकनाथ कोवळ्या वयात जनार्दनस्वामींच्या सेवेत होते व त्यांच्याकडे हिशेबाचे काम सोपविलेले होते. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर वह्या चाळल्यानंतर पहाटे चूक सापडली आणि शिष्याला आनंद आवरेना. तेव्हा गुरूंनी सुचविले की, जे चित्त एका पैच्या शोधात इतके तल्लीन होते, ते परमेश्वराच्या शोधात लागले तर केवढे कल्याण होईल!

कथा परंपरेने चालत आलेली आहे. परंतु तिच्यातील मर्म आम्हां ख्रिस्ती कुटुंबांनीही मनावर घ्यावे असे आहे. गल्ल्याचा मेळ घातल्याखेरीज दुकानदार फळी लावीत नाही. दिवसाचा मेळ घालून झोपणारे आपल्यापैकी कितीजण असतील?

हा मेळ घालण्याची शिस्त ख्रिस्तसभेत फार जुनी आहे. प्रभूच्या भोजनाला बसण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला पारखावे, असे संत पौलाने करिंथकरांना बजावले होते. पुढे संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात या शिस्तीला नेमके रूप दिले. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्या ग्रंथाला मान्यता दिली. त्यातील एक रीत तर थेट खातेवहीची आहे. एका वेळी एकच दोष निवडावा, प्रत्येक दिवसासाठी कागदावर दोन रेषा ओढाव्यात, दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्यांवर द्यावेत आणि काल व आज, मागचा आठवडा व हा आठवडा यांची तुलना करावी.

तथापि, ही मठातील व्रतस्थांची साधना आहे, प्रापंचिकांना ती कशी पेलणार, अशी शंका अनेकांना येते. तिचे उत्तर देणारा संत आमच्या शहराला परका नाही. एकनाथ महाराज पैठणला प्रपंच आणि परमार्थ एकत्र चालवीत असताना, १५६७ साली, दूर सॅव्हॉय प्रांतात फ्रान्सिस डी सेल्स यांचा जन्म झाला. पॅरिसमध्ये येशूसंघीयांच्या विद्यालयात ते शिकले आणि १६०२ साली जिनिव्हाचे बिशप झाले. जिनिव्हा शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांचे वास्तव्य आनेसी येथे असे. १६०९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'भक्तिमय जीवनाची ओळख' हा ग्रंथ संसारी माणसांसाठीच आहे. सैनिक, कारागीर, विवाहित स्त्री, ज्याने त्याने आपापल्या जागी राहून भक्ती करावी, हा त्याचा गाभा होय.

त्यांनी सांगितलेली रात्रीची विवेकपरीक्षा अगदी साधी आहे. दिवसभर सांभाळल्याबद्दल देवाचे आभार मानावेत. आपण कोठे होतो, कोणाबरोबर होतो, काय केले हे आठवावे. चांगले घडले असेल तर त्याचे श्रेय देवाला द्यावे. वाईट घडले असेल तर क्षमा मागून सुधारण्याचा निश्चय करावा. याबरोबरच त्यांनी एक मोलाचा इशारा दिला आहे. आपल्या दोषांवर संतापू नये, स्वतःशीही सौम्यतेने वागावे. बापाच्या शांत शब्दांनी मूल जितके सुधारते तितके त्याच्या रागाने सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

या संताच्या नावाने फादर पिटर मर्मिए यांनी १८३८ साली आनेसी येथे मिशनरी संघ स्थापन केला. १८४५ साली त्याचे धर्मगुरू भारताकडे निघाले. विशाखापट्टणम, नागपूर असा प्रवास करीत त्यांचे कार्य १८९२ साली घोगरगावी पोहोचले. फादर मॅरियन थेवने आणि फादर गुरियन जॅकिए ही या मिशनच्या आद्य कार्यकर्त्यांची नावे आहेत. १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. छत्रपती संभाजीनगरातील आमचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्याच नावाने उभे आहे. नाव आम्हांला वारशाने मिळाले. त्यांची शिस्त मात्र प्रत्येक पिढीने नव्याने अंगी बाणवावी लागते.

ती सुटली की काय होते, हे आपण घरोघरी पाहतो. बालपणी पाठ केलेली पापांची यादी पन्नाशीतही प्रायश्चित्तसंस्काराच्या वेळी तशीच म्हटली जाते. मिस्सा चुकली, खोटे बोललो, रागावलो, एवढ्यावर पापनिवेदन संपते. बांधाच्या वादापायी दहा वर्षे सख्ख्या भावाशी अबोला आहे, याचा त्या यादीत उल्लेखही नसतो. वाळूजच्या कारखान्यातून थकून आलेला बाप घरच्यांवर ओरडतो, मोबाइल पाहतापाहता झोपी जातो आणि सकाळी ते विसरतो. मुले मात्र विसरत नाहीत. दुसरीकडे काही भाविक, विशेषतः आपल्या माताभगिनी, क्षमा मिळालेली पापेही पुनःपुन्हा उगाळीत राहतात. पहिला वही उघडत नाही, दुसरा ती मिटत नाही.

येथेच ख्रिस्ती हिशेब सावकारी हिशेबाहून निराळा ठरतो. लूकच्या शुभवर्तमानातील धाकटा मुलगा डुकरांच्या कळपात शुद्धीवर आला, आपली स्थिती त्याने नीट ओळखली आणि तो उठून बापाकडे निघाला. बापाने खाते मागितले नाही. तो धावत पुढे आला. आत्मपरीक्षण म्हणजे हे शुद्धीवर येणे, आणि शिस्त म्हणजे रोज उठून घराची वाट धरणे. बाकी काम कृपेचे आहे.

यासाठी वेगळी खोली नको, की मोठा ग्रंथ नको. कुटुंबाची रोझरी संपल्यावर पाच मिनिटे शांत बसावे. दिवस आठवावा, आभार मानावेत, एक दोष निवडावा. आणि ज्याचे मन दुखावले तो त्याच घरात असेल, तर दिवा मालवण्यापूर्वी त्याच्याशी दोन शब्द बोलावेत.