रणगाड्याची ओळख

आमच्या चिकोडीकडे जुनी बैलगाडी विकत घेणारा शेतकरी तिच्या रंगाकडे प्रथम पाहत नाही. तो खाली वाकतो, आस पाहतो, आरे मोजतो, धाव बोटाने चाचपतो. एका गाडीचा तुंबा दुसऱ्या गाडीच्या चाकाला बसविलेला असला तर त्याची नजर फसत नाही. हीच नजर रणगाड्याकडे कशी वळवावी, हे मला आमच्या तालुक्यातील एका सेवानिवृत्त दफेदारांनी शिकविले. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. साहजिकच आमच्याकडील तरुणांचा ओढा पायदळाकडे. हे गृहस्थ मात्र रिसाल्यात सेंच्युरियन रणगाडा चालवीत. एकदा एका शहरातील चौकात हिरवाकंच रंगविलेला रणगाडा आम्ही पाहिला. मी कौतुक केले. दफेदार म्हणाले, “मास्तर, रंग झकास आहे. पण डावीकडच्या पट्ट्याच्या कड्या एका जातीच्या आणि उजवीकडच्या दुसऱ्याच.”

पट्ट्यांवर चालणाऱ्या जुन्या लष्करी वाहनांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढील खरा प्रश्न नेमका हाच आहे. रणगाडा हा एका नावाखाली वावरणारा मोठा गोतावळा असतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन शेर्मनच घ्या. एकाचे धड ओतीव, म्हणून कडा गोलसर. दुसऱ्याचे वेल्डिंगने सांधलेले, म्हणून कोपरे टोकदार. एकात विमानाच्या धर्तीचे इंजिन, दुसऱ्यात दोन डिझेल इंजिनांची जोडी. एम ४ ए ४ या प्रकारात तर मोटारींची पाच इंजिने एकत्र गुंफून ३० सिलिंडरांचे एक इंजिन केले होते! ते मावावे म्हणून धड लांबवावे लागले, चाकांच्या जोड्यांमधील अंतर वाढले आणि एका बाजूच्या पट्ट्यातील कड्या ७९ ऐवजी ८३ झाल्या. तेव्हा इंजिन काढून नेलेल्या, आतून पोकळ झालेल्या सांगाड्याचीही जात कड्या मोजून सांगता येते.

१९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे मोठ्या संख्येने आपल्या हाती आले आणि पुढे विजयचिन्हे म्हणून ठिकठिकाणी उभे राहिले. त्यांच्याखालील पाटीवर बहुधा ‘पॅटन’ एवढेच असते. मात्र एम ४७ आणि एम ४८ असे दोन पॅटन त्या युद्धात होते. दोघांचीही तोफ ९० मिलिमीटरची. परंतु एम ४७ मध्ये पाच माणसे बसत आणि चालकाशेजारच्या सैनिकाची मशीनगन धडाच्या पुढील भागातून बाहेर डोकावे. एम ४८ मध्ये माणसे चार, पुढील मशीनगन नाही, आणि धड होडीच्या तळासारखे एकसंध ओतीव. हा भेद शाळकरी मुलालाही दाखविता येतो. पाटी लिहिणाऱ्यांनी तो दाखवू नये, याचे नवल वाटते.

ओतीव भागांवर कारखान्याने उठावाचे आकडे सोडलेले असतात. रंगाचे थर खरवडले की ते वर येतात. त्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये, कारण बुरुजावरचा आकडा फक्त बुरुजाची साक्ष देतो. बुरूज उचलून वेगळा करता येतो. १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजिला खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे अवतरले, ते वाटेत बुरूज उतरवूनच नेलेले होते. लढाईच्या धामधुमीत लष्करी कर्मशाळेने बदललेला भाग हे त्या रणगाड्याचेच चरित्र होय. तो तसाच राहू द्यावा. मागाहून शोभेसाठी डकविलेला भाग मात्र निराळा. या दोहोंची गल्लत करणारा जीर्णोद्धार मला डागडुजीपेक्षाही वाईट वाटतो.

अहिल्यानगर, म्हणजे आपले जुने अहमदनगर, येथे चिलखती दलाने १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. व्हॅलेंटाइन, मटिल्डा, चर्चिल, शेर्मन, दोन्ही युद्धांतील पॅटन आणि आवडी येथे तयार झालेला विजयंता हे सारे तेथे एकत्र पाहावयास मिळतात. सेंच्युरियनची चाके जोडी-जोडीने टांगलेली, विजयंताचे प्रत्येक चाक स्वतंत्र. बाजूबाजूने पाहिले की पुस्तक लागत नाही. याच नगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन जतन केलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात धारातीर्थी पडले. रणगाड्याने पेट घेतला होता. बाहेर पडण्याचा हुकूम आला होता. तोफ अजून चालते आहे, असे सांगून त्यांनी तो नाकारला. पुढे त्यांना परमवीरचक्र मिळाले. जळालेला, शत्रूच्या हाती पडून परत आलेला तो रणगाडा नंतर दुरुस्त करण्यात आला. अशा वाहनाच्या बाबतीत कोणती नळी, कोणते कवच, कोणता बोल्ट त्या सकाळचा आणि कोणता नंतरचा, हा केवळ हौशी माणसांच्या घोळक्यातला वाद राहत नाही. सेंच्युरियनला आरंभी १७ पौंडी तोफ असे. पुढे कित्येकांना १०५ मिलिमीटरची बसविली गेली. नुसत्या नळीवरून रणगाड्याची पिढी ठरविणारा हमखास फसतो.

हे सारे मी दफेदारांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला नगरला नेण्याचे कबूल करवून घेतले. मात्र अट घातली, “मास्तर, पाटी तुम्ही मागाहून वाचा. आधी मला चाकांखाली वाकू द्या.”