अविश्वासाची परंपरा : शांबरिक खरोलिका ते मिश्र वास्तवाचा चष्मा

१

नवे दृश्ययंत्र समाजात येते तेव्हा त्याच्याविषयीच्या कुतूहलाबरोबर अविश्वासही जन्माला येतो. तंत्रविद्येच्या इतिहासलेखनात कुतूहलाची नोंद सविस्तर होते. अविश्वासाची नोंद मात्र बहुधा अज्ञान, जुनाट वृत्ती किंवा परिवर्तनाचे भय या सदरांखाली केली जाते आणि विषय तेथेच संपवला जातो. या नोंदीमागे एक गृहीतक आहे : यंत्र पुढे असते, समाज मागे असतो आणि अविश्वास म्हणजे या दोहोंमधील अंतर. साहित्यव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्याला हे गृहीतक सहजासहजी मान्य होण्यासारखे नाही. कलाकृतीचा आस्वाद घेणाऱ्याने तिच्यावर किती, कसा आणि कोणत्या अटींवर विश्वास ठेवावा, हा काव्यशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. म्हणूनच अविश्वास हीसुद्धा ग्रहणाची एक रीत मानून तिचा इतिहास तपासणे आवश्यक ठरते.

या इतिहासातील एक अलीकडचा टप्पा नवी मुंबईशी निगडित आहे. १५ जुलै २०२० रोजी रिलायन्स इंडस्ट्रीजच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत 'जिओ ग्लास' या चष्म्याची घोषणा झाली. जिओचा कारभार घणसोली येथील रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून चालतो. चष्म्याची निर्मिती करणारी टेसरॅक्ट ही संस्था रिलायन्सने २०१९ मध्ये आपल्या छत्राखाली आणली होती. चष्म्याचे वजन ७५ ग्रॅम सांगण्यात आले. तो तारेने मोबाइल फोनला जोडायचा होता आणि त्यासाठी २५ उपयोजने तयार असल्याचे जाहीर झाले. समोरची खोली दिसत असतानाच तिच्यात त्रिमितीय प्रतिमा उभी करणे हे त्याचे कार्य. कंपनीने यासाठी 'मिश्र वास्तव' ही संज्ञा योजली. किंमत आणि विक्रीचा दिवस मात्र घोषणेत नव्हता.

२

दृश्यभ्रमाच्या यंत्रांशी मराठी समाजाचा परिचय फार जुना आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादुई दिव्याचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर टाकली जात. पट्ट्या वेगाने बदलून हालचालीचा भास निर्माण केला जाई. सोबतीला निवेदन आणि संगीत असे. येथे नावाकडे लक्ष द्यावयास हवे. शंबर हा मायावी असुर. त्याची विद्या ती शांबरी. म्हणजे पटवर्धनांचा खेळ स्वतःच्या नावातच 'ही माया आहे' असे सांगत होता. प्रेक्षकाला फसवून आत नेण्याऐवजी त्याच्या संशयाला प्रवेशद्वारातच मान्यता देणारी ही प्रथा होती. मायेचा निर्देश करून मग माया दाखवणे हा कीर्तन-पुराणांवर वाढलेल्या श्रोत्यांच्या परिचयाचा व्यवहार होता.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. प्रवेशमूल्य एक रुपया. दाखवलेल्या सहा चित्रांत स्थानकात शिरणारी आगगाडीही होती. हे चित्र पाहून पॅरिसचे प्रेक्षक घाबरून पळाले, ही आख्यायिका चित्रपटाच्या इतिहासग्रंथांतून दीर्घकाळ वावरली. टॉम गनिंग या अभ्यासकाने १९८९ मध्ये तिची चिकित्सा करून दाखवले, की हा भाबडा प्रेक्षक ही मुख्यतः पुढच्या काळाची निर्मिती आहे. जादूचे प्रयोग आणि दृश्यभ्रमाचे खेळ पाहण्यास सरावलेला त्या वेळचा प्रेक्षक प्रतिमेला सत्य मानत नव्हता. 'हे खरे नाही, तरी इतके खरे कसे दिसते?' या विस्मयाचा तो उपभोग घेत होता. गनिंग यांचा हा निष्कर्ष कल्याणच्या खरोलिकेला तर अधिकच लागू पडतो.

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात हा प्रश्न आणखी स्पष्ट रूप धारण करतो. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असताना, कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या लोकसमजुतीशी त्यांचा सामना झाला. पुढे चित्रपटासाठी भांडवल उभे करताना त्यांच्यासमोर वेगळा अविश्वास उभा राहिला : हे काम येथे आणि या माणसाच्या हातून होईल काय? त्यावर त्यांनी योजलेला उपाय उद्बोधक आहे. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून त्यांनी ती काही क्षणांत पडद्यावर घडवून दाखवली. म्हणजे आश्वासनाच्या जागी त्यांनी पुरावा ठेवला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. १९१७च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपटही काढला. स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करणाऱ्या या माणसाला एक मर्म उमगले होते : रहस्य उघड केल्याने विस्मय नष्ट होत नाही, उलट संशयाला आधार मिळून तो विस्मयात सामील होतो.

३

या व्यवहाराची तात्त्विक बाजू भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वी मांडली होती. श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय सर्वपरिचित आहे. चित्रातील घोडा पाहताना 'हा घोडा आहे' अशी जी प्रतीती होते ती सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे; ती या चारही कोटींहून विलक्षण आहे. कोलरिजने १८१७ मध्ये अविश्वासाच्या स्वेच्छेने केलेल्या स्थगनाची कल्पना मांडली. शंकुकाच्या भूमिकेत स्थगनाचीही गरज नाही. प्रतीतीचा प्रकारच मुळात निराळा आहे. शंकुकाच्या अनुमितिवादाचे खंडन करणाऱ्या अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली. त्यांतील पहिले विघ्न संभावनेच्या अभावाचे आहे, म्हणजे समोरचे घडू शकते असे न वाटणे. दुसरे विघ्न प्रेक्षक आपल्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालात अडकून राहण्याचे. पूर्वरंग आणि नटाची वेशभूषा यांच्या साह्याने नाट्य हे दुसरे विघ्न दूर करते.

मराठी समीक्षेत न. चिं. केळकर यांनी १९२१च्या बडोदे साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो आणि त्याच वेळी स्वतःची भूमिकाही सोडत नाही, असा तिचा आशय. मिश्र वास्तवाचा चष्मा प्रथमदर्शनी या उपपत्तीचे यांत्रिक रूप वाटतो. डोळे पूर्ण झाकणारे आभासी वास्तवाचे यंत्र पाहणाऱ्याचा परिसर पुसून टाकते. मिश्र वास्तवात परिसर राहतो आणि प्रतिमा त्यात येऊन बसते.

पण हे साम्य फसवे आहे. केळकरांच्या वाचकातील दोन भूमिका वाचकाच्याच मनात नांदतात आणि त्यांमधील सीमा त्याच्याच ताब्यात असते. चष्म्यात ही सीमा यंत्र आखते. शिवाय रंगभूमीला देशकालाचे जे बंधन विघ्न वाटते, तेच येथे कार्याची पूर्वअट आहे. प्रतिमा याच टेबलावर, याच भिंतीपाशी उभी राहायची असेल तर यंत्राने ही खोली सतत मोजली पाहिजे. साधारणीकरणाची प्रक्रियाच येथे उलटी फिरते : प्रेक्षकाला त्याच्या देशकालातून मुक्त करण्याऐवजी त्याच्या देशकालाची तपशीलवार नोंद घेतली जाते. म्हणून या यंत्राविषयीचा अविश्वास हा चित्रातील घोड्याविषयीचा अविश्वास नव्हे. घोडा खरा आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. घोडा कोणी पाठवला आणि तो परत जाताना घरातून काय घेऊन जाणार, हा प्रश्न आहे.

४

प्रतिमा आणि परिसर यांच्या मिश्रणाचा प्रश्न घणसोलीच्या परिसराला नवा नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडील जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांची जमीन या नियोजनाखाली आली. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी वस्तीवर एका शहराचे रेखाचित्र अंथरले गेले. रेखाचित्र पाहणाऱ्याला शहर दिसत होते, गावात राहणाऱ्याला शेत. दोन्ही दृश्ये एकाच भूमीची होती. आपल्या दृश्याची किंमत दुसऱ्या दृश्यात धरलेलीच नाही, या जाणिवेतून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व या संघर्षातून पुढे आले.

या गावांनी नियोजनाच्या चित्रावर ठेवलेला अविश्वास अज्ञानातून आलेला नव्हता. चित्र त्यांना समजले होते. त्यात स्वतःला कोठे जागा आहे, एवढेच त्यांनी विचारले. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची संकल्पना येथे उपयोगी पडते. कोणतीही नवी कृती आधीच्या अनुभवांनी घडलेल्या क्षितिजावर उगवते. आश्वासनांचा हिशेब ठेवणाऱ्या समाजाच्या क्षितिजावर नवे यंत्र उगवते तेव्हा ते एक आश्वासन म्हणूनच वाचले जाते.

२०२०च्या घोषणेचे वाचन असेच करावे लागते. त्या वेळी शाळा बंद होत्या. शिक्षक आणि विद्यार्थी त्रिमितीय आभासी वर्गात एकत्र येतील, असे चष्म्याविषयी सांगितले जात होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि संगणक जेमतेम ११ टक्के घरांत होता. या पार्श्वभूमीवर 'कोणाचा वर्ग?' हा प्रश्न यंत्रविरोधी म्हणता येत नाही. नंतरच्या वर्षांत हा चष्मा सामान्य शाळांच्या जीवनाचा भाग झाला नाही. २०२३ मध्ये कंपनीने १,२९९ रुपयांत 'जिओ डाइव्ह' विक्रीस आणले. ते फोन बसवून आभासी वास्तव दाखवणारे साधन होते. ऑगस्ट २०२५ मध्ये 'जिओ फ्रेम्स' या आणखी एका चष्म्याची घोषणा झाली. फाळक्यांनी भांडवलापूर्वी रोप वाढवून दाखवले होते. येथे घोषणेमागून घोषणा आली. हा क्रम पाहणाऱ्याच्या मनात संशय उरला, तर तो अनुभवाधिष्ठित अनुमानच मानावा लागेल.

५

अविश्वासाचा तिसरा स्तर यंत्राच्या नजरेविषयी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत १,५०० डॉलरांना निवडक लोकांना दिलेला 'गुगल ग्लास' याच नजरेमुळे अप्रिय झाला. काही उपाहारगृहांनी त्यास मज्जाव केला आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याची ग्राहकविक्री थांबली. चष्मा घालणाऱ्यापेक्षा त्याच्या समोर बसलेल्याचा आक्षेप तेथे निर्णायक ठरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरांना विक्रीस आलेल्या ॲपलच्या 'व्हिजन प्रो'मध्ये घालणाऱ्याच्या डोळ्यांची प्रतिमा बाहेरील काचेवर दाखवण्याची योजना आहे. डोळे लपवणाऱ्या यंत्राला डोळ्यांचे चित्र रंगवून मिरवावे लागते, हा या अविश्वासाने निर्मात्याकडून वसूल केलेला कबुलीजबाबच म्हणावा लागेल.

खरोलिकेपासून चित्रपटापर्यंत प्रेक्षक पाहत होता आणि प्रतिमा पाहिली जात होती. आता पाहणारा पाहिला जातो आणि शेजारून जाणाराही, ज्याने तिकीट काढलेले नाही. गोध्र्याच्या लोकसमजुतीतील शरीरशास्त्र चुकीचे होते. परंतु प्रतिमा घेणारा आपल्याकडून काहीतरी नेतो ही तिच्यातील जाण आज कायद्याच्या भाषेत उतरली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत अधिकाराचे स्थान दिले. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

तेव्हा जनसामान्यांच्या संशयाचे तीन स्तर वेगळे करावे लागतात : प्रतिमेच्या सत्यतेविषयीचा, आश्वासनाच्या पूर्ततेविषयीचा आणि नजरेच्या दिशेविषयीचा. पहिल्याचे रूपांतर कला आस्वादात करू शकते, कारण ती आपली माया कबूल करते. दुसऱ्याचे निरसन पुराव्याने होते. तिसऱ्याचे निरसन यंत्र अधिक सफाईदार केल्याने होण्याजोगे नाही, कारण सफाई वाढते तशी यंत्राची नजर अधिक अदृश्य होते. दृश्यसंहितांचा विचार करणाऱ्या मराठी समीक्षेने रसिक आणि सहृदय यांच्या जोडीला या संशयी ग्राहकालाही आपल्या परिभाषेत स्थान द्यावयास हवे. चित्र पाहून परतणाऱ्याची प्रतिक्रिया तिने बराच काळ अभ्यासली आहे. चित्र पाहण्यापूर्वी अटी विचारणाऱ्याचे म्हणणे अजून नोंदवायचे आहे.