१५ वॅट, १०० वॅट आणि एक राहिलेला रकाना

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. ब्रिटनमधल्या एका कंपनीचे घरगुती ॲम्प्लिफायर घेतले आणि तीन रकाने आखले : नाव, साल, वॅट. १९५३ चा क्वाड २, १५ वॅट. १९६७ चा क्वाड ३०३, ४५ वॅट. १९७५ चा क्वाड ४०५, १०० वॅट. खाली वाक्य ठोकून दिलं की बावीस वर्षांत घरातल्या ॲम्प्लिफायरची ताकद जवळपास सातपट झाली. मॅडमनी तक्ता पाहिला, पेन्सिलीने चौथा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं, ‘कशाला जोडून?’ बाकी काही बोलल्या नाहीत. तो रकाना भरता भरता माझं अख्खं प्रकरण बदललं. सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्यांनी मला विचारलं होतं की ‘वस्तू हे साधन म्हणून कसं वाचायचं’, तर त्याला माझ्याकडे हेच उदाहरण आहे.

थोडी मागची गोष्ट आधी. आज आपण स्पीकर वेगळा घेतो, ॲम्प्लिफायर वेगळा घेतो आणि मग ‘हे दोन जुळतील का?’ असं विचारतो. हा प्रश्नच मुळात नंतरचा आहे. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या स्पीकरची मांडणी केली, त्याच पद्धतीचे कोनवाले स्पीकर आजही बहुतेक घरांत आहेत. तो बाजारात आला तेव्हा ॲम्प्लिफायर त्याच पेटीत होता. म्हणजे जोडी लावायची कटकट गिऱ्हाइकाकडे नव्हतीच. पेटी फुटून दोन झाल्या तेव्हा ती कटकट आली.

सुरुवातीला स्पीकर उदार होते. १९४० च्या दशकात अमेरिकेत पॉल क्लिप्शने खोलीच्या कोपऱ्यात बसणारा भलामोठा हॉर्न स्पीकर केला. त्याला एका वॅटमध्ये घर दणाणायचं. मग १९५४ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने हवाबंद छोट्या खोक्यातून खोल बास काढून दाखवला. गोष्ट फुकट मिळाली नाही. खोकं लहान, बास खोल, तर स्पीकर वीज जास्त खाणार. डेसिबलचं गणित निर्दय असतं : स्पीकर १० डेसिबल कमी ‘संवेदनशील’ असेल तर तेवढ्याच आवाजासाठी दहापट वॅट लागतात, २० कमी असेल तर शंभरपट. १९५८ पासून स्टीरिओ रेकॉर्डी आल्या आणि घरात एकाच्या जागी दोन स्पीकर ठेवायची वेळ आली. दोन कोपरे रिकामे असणारी घरं किती असतील? छोटं खोकं जिंकलं, आणि ॲम्प्लिफायरचे वॅट वाढत गेले. माझ्या तक्त्यातली ‘प्रगती’ बऱ्याच अंशी ही होती. ताकद वाढली ती स्पीकरची भूक वाढली म्हणून.

पण क्वाडच्या बाबतीत हेही उत्तर पुरत नव्हतं, आणि खरी गंमत इथे आहे.

पीटर वॉकरच्या या कंपनीने १९५७ मध्ये हंटिंग्डनहून एक विलक्षण स्पीकर विकायला काढला. त्यात कोन नाही, कॉइल नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधे प्लास्टिकचा अतिपातळ पडदा, त्यावर कायम हजारो व्होल्टचा विद्युतभार. ॲम्प्लिफायरकडून आलेला सिग्नल आतला ट्रान्सफॉर्मर वाढवतो, पत्रे पडद्याला ओढतात-ढकलतात, आणि आवाज होतो. याला आज लोक ‘ईएसएल-५७’ म्हणतात. तेव्हा तो नुसता क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक होता. (नावामागचं ‘५७’ दुसरं मॉडेल आल्यावर चिकटलं. जुन्या कागदात हे नाव दिसलं तर कागद खरंच किती जुना आहे हे तपासा.)

हा पडदा किती सहन करेल याला मर्यादा आहे. स्पीकरच्या टोकांवर ३३ व्होल्टचं शिखर, त्यापुढे आत ठिणगी उडून पडद्याला भोक पडायची भीती. मर्यादा व्होल्टमध्ये आहे, वॅटमध्ये नाही, हे नीट लक्षात घ्या. मी इथेच चुकले होते.

अकरावीचं सूत्र काढा : वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. क्वाड २ चे १५ वॅट, १६ ओहमला. १५ गुणिले १६ म्हणजे २४०, वर्गमूळ साधारण १५.५, शिखर काढायला १.४१ ने गुणा : २२ व्होल्ट. स्पीकर निवांत. ३०३ चे ४५ वॅट ८ ओहमला, शिखर २७ च्या आसपास. ओहम वाढले की थोडं चढतं, पण ३३ च्या आत राहतं. आता ४०५ : १०० गुणिले ८ म्हणजे ८००, वर्गमूळ २८.३, शिखर ४० व्होल्ट. त्याच कंपनीचा स्पीकर, त्याच कंपनीचा नवा, ‘सातपट ताकदवान’ ॲम्प्लिफायर, आणि जोडी घातक! कंपनीला हे माहीत होतं. इलेक्ट्रोस्टॅटिकसोबत वापरायचं असेल तर ४०५ च्या आत व्होल्टेज अडवणारं छोटं बोर्ड बसवायची सोय ठेवलेली होती.

हे बोर्ड बाहेरून दिसत नाही. ॲम्प्लिफायर पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे गेला, सोबतचा कागद कुठेतरी हरवला, की आत काय आहे ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. सेकंडहँड घेणारा मागच्या पट्टीवरचा आकडा वाचतो आणि तार जोडतो. जुळणीचं ज्ञान वस्तूत नव्हतं, वस्तूंच्या मधे होतं. विक्रीत नेमकं तेच गळतं.

आता याच्या शेजारी एक दुसरं साधन ठेवू. १९७८ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जेम्स मॉयर यांनी एका श्रवणचाचणीचा अहवाल दिला. त्यात हेच तीन ॲम्प्लिफायर होते, क्वाड २, ३०३ आणि ४०५. ऐकणाऱ्यांना ते खात्रीने वेगळे ओळखता आले नाहीत. व्हॉल्व्ह विरुद्ध ट्रान्झिस्टरचा वाद घालणारे आजही हा अहवाल काढतात. मीही काढला होता : बघा, तिघे सारखेच! मग पुन्हा पेन्सिल : ‘कुठल्या मर्यादेत?’ अशा चाचणीचं तत्त्वच हे असतं की आवाजाची पातळी सारखी ठेवायची आणि कुणालाही ताणायचं नाही. ‘तिघांचा आवाज सारखा’ हे खरं असू शकतं आणि ‘त्यातला एक या स्पीकरला जाळू शकतो’ हेही खरं असू शकतं. प्रश्न वेगळे आहेत. आपण साहित्य-समीक्षा लिहिताना असे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात उभे करतो आणि ‘अभ्यासकांत मतभेद आहेत’ असं लिहून मोकळे होतो. मतभेद नसतातच पुष्कळदा.

वॅटच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’चे हजारात आकडे छापलेले असत, आठवतंय? फुगवाफुगवी अमेरिकेतही होती, इतकी की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरचे वॅट कसे सांगायचे याचा नियमच केला. त्यामुळे नियमाआधीचा आणि नंतरचा आकडा तिथल्या जाहिरातींतून उचलून एकाच रकान्यात टाकलात तर तक्ता दिसायला छान होईल, बाकी काही नाही.

जुनी वस्तू मोजून बघावी, हा मोह प्रत्येकाला होतो. बघा जरूर. पण जुन्या ॲम्प्लिफायरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काही दशकांत कमजोर होतात, बहुतेक चालू यंत्रांत ते बदललेले असतात. क्वाडच्या स्पीकरांचे पडदे बदलून मिळतात, आणि दुरुस्ती करणारे संरक्षक सर्किटही आत टाकून देतात. म्हणजे आज जे यंत्र नीट चालतं ते १९५७ चं उरलेलं नाही, आणि जे १९५७ चं जसंच्या तसं आहे ते बहुधा नीट चालत नाही. मोजमाप कशाचं घेतलं हे लिहून ठेवावं लागतं : कुठला भाग मूळचा, कुठला कधी बदलला, मालकाला काय ठाऊक आहे.

माझ्या तक्त्यात आता सात रकाने आहेत. चौथ्यात काही ओळी अजून रिकाम्या आहेत. त्या तशाच ठेवून प्रकरण मॅडमकडे दिलंय.