अप्पांची जीप आणि टॉपमध्ये गप्प होणारा आवाज

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण जीप. ज्यांना आमच्या घरची जीप माहीत आहे त्यांनी एव्हाना हसायला सुरुवात केली असेल. हसा. पण या वेळी प्रकरण जरा गंभीर होतं आणि त्यात माझी एक चूक आहे. ती घरात कुणाला सांगितली नव्हती, म्हणून इथे लिहून टाकतो.

दिवाळीला पिशोरला गेलो तेव्हा गाडीच्या पोटातून आवाज यायला लागला होता. घरघर म्हणावी तर तशी नाही, जात्यात कोरडं दळल्यासारखा. दादाने ऐकून लगेच निकाल दिला, "काढून टाका आता. भंगारवाला चांगला भाव देतोय." अप्पा काही बोलले नाहीत. त्यांचं वय ८१, डावा कान पूर्ण गेलेला, उजवा अर्धा. त्यांना आवाज ऐकूच येत नसणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

आधी या गाडीचं कुळ सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर गाडी दुरुस्त होईपर्यंत रोज रात्री मी हेच वाचत बसायचो.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने त्याच वर्षी २३ सप्टेंबरला पहिला नमुना नेऊन दिला. पण बँटमचा कारखाना छोटा. मोठं काम गेलं विलिस आणि फोर्ड यांच्याकडे, आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा बनवल्या. एवढ्या घाईत नवा गिअरबॉक्स कोण तयार करणार? वॉर्नर कंपनीचा हलक्या गाडीत चालणारा तीन गिअरचा टी-८४ उचलला आणि त्याच्या मागे ट्रान्सफर केसचा डबा जोडला. युद्धात गाडी किती वर्षं जगेल हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे चालून गेलं. युद्ध संपल्यावर विलिसला तीच गाडी शेतकऱ्याला विकायची होती. शेतकरी गाडी चार महिने वापरत नाही, चाळीस वर्षं वापरतो! म्हणून १९४५ च्या सीजे-२ए मध्ये जास्त दणकट टी-९० गिअरबॉक्स आला. आमच्या गाडीत आहे तो हाच. म्हणजे त्याची वंशावळ.

आपल्याकडे ही गाडी आली ती महिंद्रांमुळे. १९४५ साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं, आणि धंदा पोलादाचा. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. त्याच सुमारास मुंबईत सुट्या भागांतून विलिस जीपा जोडणं सुरू झालेलं होतं, मग हळूहळू एकेक भाग इथेच बनायला लागला. अमेरिकेत १९५३ साली उंच बॉनेटची सीजे-३बी निघाली. (बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिन उंच. दिसायला थोडी बोजड, पण मला तीच आवडते.) अमेरिकेत ती बंद पडून कितीतरी वर्षं झाली तरी आपल्याकडे ती बनत होती.

आता पिशोर. आमचं गाव तेव्हा निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पण अप्पांच्या बोलण्यात या तारखा येत नाहीत. त्यांच्या लेखी सरकार म्हणजे जीप. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि 'ब्लॉक' हा शब्द खेड्यात आला, त्याच्याबरोबर ब्लॉकची जीपही आली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या झाल्या. ज्या गावाला धड रस्ता नाही, त्या गावात बियाणं, लस, कर्जाचे कागद आणि साहेब, सगळं एकाच गाडीतून उतरायचं. धुरळा दिसला की पोरं पळत सुटायची.

अप्पा १९७१ साली सरकारी ड्रायव्हर म्हणून लागले. पुढच्याच वर्षी दुष्काळ. ७२ चा दुष्काळ आमच्या घरात जेवताना अजूनही निघतो. खडी फोडणारी माणसं, बांधाची कामं, सुकडी, आणि रेशनवर मिळणारा तो अमेरिकेचा लाल मिलो. अप्पा साहेबांना घेऊन दिवसभर या कामावरून त्या कामावर फिरायचे. हजेरीची मस्टरं मागच्या सीटवर. ते म्हणतात, "मिलो बी तिकडचा आन् गाडी बी तिकडची. मिलो पचला नाही, गाडी पचली." (हे वाक्य त्यांनी मला किमान पन्नास वेळा ऐकवलंय, तरी मला हसू येतंच.)

पुढे ऑफिसात डिझेल गाड्या आल्या आणि पेट्रोलच्या जुन्या जीपा लिलावात निघाल्या. १९९२ मध्ये अप्पांनी त्यातली एक घेतली. ते चालवायचे तीच नव्हे, पण तिची सख्खी बहीण म्हणा. आमच्या भागात बहुतेकांनी अशा जीपांमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं, काही काळी-पिवळी होऊन सिल्लोड-भराडी करत बसल्या. अप्पांनी इंजिन बदललं नाही. आम्ही शिकलो, ताईचं लग्न झालं, दवाखाने झाले, मका आणि अद्रक बाजारात गेलं, सगळं याच गाडीतून. म्हणून दादाने भंगार हा शब्द काढला तेव्हा घर एकदम शांत झालं.

तर आवाज.

शहरातल्या एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं की अख्खा गिअरबॉक्स बदला, दुसरा बसवून देतो. त्याने सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ जात होता. मग मी गावाकडच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, "आधी तिला बोलू द्या."

इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. घरघर आहे. क्लच दाबला. दोन-तीन सेकंदांत घरघर विरून गेली. म्हणजे क्लचचं बेअरिंग निर्दोष, ते दुखत असतं तर दाबल्यावर ओरडलं असतं. आता शेताच्या वाटेवर. पहिल्यात मोठा आवाज. दुसऱ्यातही मोठा, ॲक्सिलरेटर दिला की वाढतो. आणि टॉपमध्ये टाकली तर जवळजवळ गप्प!

मला वाटलं वेग वाढला म्हणून बाकीच्या खडखडाटात ऐकू येत नाही. चाचांनी मान हलवली. मग उताराला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी नुसती सोडली (रिकामी वाट होती, आणि स्टिअरिंगवर चाचा होते). गाडी नुसत्या टायरच्या आवाजात खाली आली. म्हणजे ट्रान्सफर केस आणि डिफरन्शिअल दोन्ही सुटले.

यातलं शास्त्र सोपं आहे, पण मला ते चाळीशीनंतर कळलं. या गिअरबॉक्समध्ये इंजिनाकडून एक दांडा येतो आणि मागे दुसरा जातो, दोन्ही एका रेषेत. त्यांच्या खाली तिसरा, लेअर शाफ्ट, आणि त्याच्यावर एकसंध दातांचा गठ्ठा. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये जोर वरून खाली या गठ्ठ्यावर उतरतो आणि पुन्हा वर चढतो. पहिल्यात इंजिनाचे सुमारे २.८ फेरे होतात तेव्हा मागचा दांडा एकदा फिरतो, हे सगळं ओझं त्या गठ्ठ्यावर. टॉपमध्ये मात्र वरचे दोन दांडे एकमेकांत अडकतात आणि जोर सरळ मागे जातो. खालचा गठ्ठा तेव्हाही फिरतो, पण रिकामा. म्हणजे जो फक्त ओझं असताना कण्हतो, तोच आजारी. ट्रान्सफर केस तर टॉपमध्येही ओझ्याखालीच असते. या डब्यात जोर कधी सरळ जातच नाही, कायम मधल्या गिअरवरून जातो. ती आजारी असती तर टॉपमध्येही ओरडली असती.

चाचा म्हणाले, "दोन आरोपी. एक लेअर शाफ्टच्या सुया, दुसऱ्या वरच्या दोन दांड्यांच्या सांध्यातल्या सुया. टॉपमध्ये दोघं बी गप बसतात. कोण ते उघडल्यावर कळंल." आणि रिव्हर्सची जी वीऽऽ अशी शिटी येते ती सोडून द्या म्हणाले, तो आजार नाही. पहिल्या आणि रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात, अख्खा दात एकदम भिडतो म्हणून वाजतो. तिरके दात हळूहळू भिडतात, म्हणून शांत.

मग तेल सोडलं. आणि इथे माझी चूक भांड्यात पडली.

नव्वद नंबरचं तेल काळपट मधासारखं असायला हवं. जे आलं ते दुधाच्या चहासारखं. त्यात चकचकीत कण आणि तळाशी एका सुईचा अर्धा तुकडा. तेलात पाणी. मागच्या पावसाळ्यात अंजना नदीला पाणी असताना मित्रांना दाखवायला म्हणून मी जीप पाण्यात घातली होती. फ्लोअरपर्यंत पाणी. गरम डबा गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, गिअर लिव्हरच्या बुडातून पाणी आत ओढते. पाण्यातून काढल्यावर तेल बघायचं असतं. अप्पांनी हे मला अठराव्या वर्षी शिकवलं होतं. मी फक्त फोटो बघितले.

गिअरबॉक्स खाली उतरवण्यात एक अख्खा दिवस गेला. फ्लोअरचा पत्रा काढा, खालचा आडवा सपोर्ट काढा, ट्रान्सफर केससकट सगळं जॅकवर. मग ट्रान्सफरच्या मागचं झाकण काढून आतला नट सोडल्याशिवाय दोन डबे वेगळे होत नाहीत. लेअर शाफ्ट ठोकून बाहेर काढला आणि चाचांनी तो माझ्या हातात दिला. जिथे सुया फिरतात तिथे नखाला लागतील एवढ्या खाचा. सांध्यातल्या सुया ठीक होत्या. गठ्ठ्याचे दातही शाबूत, हे नशीब.

नवा शाफ्ट, सुया आणि दोन्ही बाजूंचे पितळी वायसर शोधायला संभाजीनगरला दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला एका दुकानाने दिलेला शाफ्ट जाडीला बरोबर आणि लांबीला कमी निघाला. जुना शाफ्ट सोबत न नेता गेलो, हेही माझंच शहाणपण.

जोडणी बघण्यासारखी होती. त्या सगळ्या सुया गठ्ठ्याच्या पोटात उभ्या राहायच्या कशा? चाचांनी लेथवर शाफ्टच्याच जाडीचा, पण गठ्ठ्याच्या लांबीएवढाच रॉड कापून आणला. सुया एकेक करून ग्रीसमध्ये चिकटवल्या, मध्ये तो डमी रॉड घातला आणि गठ्ठा डब्याच्या तळाशी निजवला. वरचे दांडे बसल्यावर गठ्ठा उचलून खरा शाफ्ट एका बाजूने सारायचा, डमी दुसऱ्या बाजूने बाहेर. पहिल्या वेळी एक सुई आडवी पडली. सगळं परत. चाचा चिडले नाहीत. मी चिडलो.

अप्पा रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन येऊन बसायचे. एकदा मी त्यांना विचारलं, आवाज तुम्हाला येत होता का? म्हणाले, "आवाज कशाला लागतो? लिव्हरवर हात ठेवला की कळतं. पोळ्यापासून कळत होतं." पोळ्यापासून! म्हणजे मी नदीत घातली त्यानंतर काही दिवसांतच. आणि दिवाळीपर्यंत एक शब्द नाही.

गाडी उभी राहिली त्या दिवशी मी चालवायला बसलो, अप्पा शेजारी. पहिला, दुसरा... नुसती जुन्या जीपची नेहमीची गुणगुण. बसस्टँडपाशी दुसऱ्यातून पहिल्यात टाकताना मी नेहमीप्रमाणे दात वाजवले. पहिल्याला सिंक्रोमेश नाही, तिथे डबल क्लच करावा लागतो आणि तो मला कधीच नीट जमलेला नाही. अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला, लिव्हर न्यूट्रलला आणली, "सोड क्लच... रेस दे... दाब आता." गिअर लोण्यासारखा पडला. हात तिथेच ठेवून त्यांनी विचारलं,

"किती पाणी होतं नदीला?"

मी म्हटलं, फ्लोअरपर्यंत.

"हं," म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत बसले.

तर दादा, गाडी विकायची नाही असं ठरलंय. दोन डब्यांच्या सांध्यातून अजून तेलाचा थेंब पडतो. चाचा म्हणतात पडू दे, तेल आहे एवढं तरी कळतं. तूर्त खाली तुपाच्या डब्याचं झाकण ठेवलंय. पुढच्या वेळी आलास की तेवढं रिकामं करत जा.