प्रयोगशाळेतला पारा

पारा सांडला की त्याचे चकाकते थेंब आपल्याला दिसतात. पण त्याची वाफ? ती ना डोळ्यांना दिसते, ना नाकाला कळते. वाचकहो, भल्याभल्या शास्त्रज्ञांनाही तिने चकविले आहे बरं का!

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक हे बोरॉन व हायड्रोजन यांच्या संयुगांचा अभ्यास करीत. हवा लागताच ही संयुगे पेट घेऊ शकतात. म्हणून श्टॉकांच्या काचेच्या उपकरणांत तोट्यांऐवजी पाऱ्याच्या झडपा असत. वर्षानुवर्षे त्यांचे डोके दुखे, चक्कर येई, माणसांची नावे आठवत नसत. उपचारांनी गुण येईना. अखेर १९२४ साली उलगडा झाला: प्रयोगशाळेच्या हवेतच पारा होता! सहकाऱ्यांनाही तीच बाधा झाली होती.

श्टॉकांनी ही गोष्ट झाकली नाही. १९२६ साली आपल्या आजाराची हकिकत छापून त्यांनी बजावले, सांडलेला पारा काळजीपूर्वक गोळा करा, खोलीत हवा खेळती ठेवा.

तरीही १९९६ साली अमेरिकेत कॅरन वेटरहान या संशोधिकेच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब पडले. पाऱ्याचे हे जहाल संयुग मोज्यातून आरपार गेले, आणि १९९७ साली त्यांचा अंत झाला. तेव्हा नुसता मोजा चढवून भागत नाही. तो कोणत्या विषाला अडवतो, हे आधी विचारायला हवे.