‘प्रोटेक्ट’ : छप्पर कोणाचे, डोके कोणाचे?

#थ्रेड

१/ इंग्रजीतले ‘प्रोटेक्ट’ हे क्रियापद आपल्याला शाळेतच भेटते. अर्थ सोपा: रक्षण करणे. परंतु याच शब्दाच्या आडून राजमुकुट हिरावले गेले, राज्ये गिळली गेली. आणि १९९३ साली एका आंतरराष्ट्रीय ठरावात तो हेतुपुरस्सर टाळला गेला. त्या टाळण्याचे मोल काय होते, हे दोनच वर्षांत जगाला कळले.

२/ आधी व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘तेगेरे’ म्हणजे झाकणे. ‘प्रोतेगेरे’ म्हणजे पुढे आवरण धरणे. याच धातूपासून घरावरचे कौल म्हणजे ‘टाइल’ आणि रोमन नागरिकाचे वस्त्र ‘टोगा’ हे शब्द आले. गवताने शाकारण्यासाठीचा इंग्रजी शब्द ‘थॅच’ हाही त्यांचाच भाऊबंद. शब्दाच्या मुळाशी तलवार नाही, छप्पर आहे.

३/ याच मूळ धातूचा संस्कृत आप्त म्हणजे ‘स्थग्’, अर्थात झाकणे. त्यातून आपला ‘स्थगित’ आला. जो हेतू झाकून ठेवतो तो ‘स्थग’, म्हणजेच ‘ठग’, अशी व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञ देतात. हा ‘ठग’ पुढे इंग्रजीत ‘थग’ झाला. रक्षण करणारा आणि फसवणारा असे दोघेही एकाच धातूचे वंशज निघावेत, हा योगायोग या थ्रेडभर लक्षात ठेवावा.

४/ शेजारच्या क्रियापदांशी तुलना केली की अर्थ नेमका कळतो. ‘डिफेंड’ म्हणजे आलेला प्रहार परतवणे. तिथे हल्ला गृहीत असतो. ‘गार्ड’ म्हणजे पहारा देणे. ‘सेव्ह’ म्हणजे संकटात सापडलेल्याला वाचवणे. ‘प्रोटेक्ट’ मात्र संकट येण्यापूर्वीच सुरू होते आणि ते कधी संपावे हे शब्द स्वतः सांगत नाही.

५/ व्याकरणही बोलके आहे. वाक्यात तीन जागा असतात: रक्षण कोण करतो, कोणाचे करतो आणि कोणापासून करतो. रक्षिला जाणारा नेहमी कर्माच्या जागी असतो. त्याची संमती विचारण्याची सोय या वाक्यरचनेत नाही. तिसरी जागा, म्हणजे ‘कोणापासून’, रिकामी सोडली तरी वाक्य शुद्धच राहते. सत्तेला ही रिकामी जागा फार सोयीची वाटत आली आहे.

६/ इंग्लंड, १४८३. चौथा एडवर्ड वारला. वारस पाचवा एडवर्ड अवघ्या १२ वर्षांचा. त्याचा काका रिचर्ड ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. २६ जून रोजी तोच काका तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला. पुतण्या आणि त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये होते. त्यानंतर ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. त्यांचे काय झाले, हे आजही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. शनिवारवाड्याची कथा ऐकत वाढलेल्या वाचकाला काका-पुतण्याच्या या नात्यावर अधिक भाष्य नको.

७/ डिसेंबर १६५३ मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेलने हीच पदवी घेतली. या वेळी कोणी अज्ञान राजा नव्हता. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद होऊन जवळपास पाच वर्षे झाली होती. पुढे राजमुकुट देऊ केला गेला तेव्हा क्रॉमवेलने तो नाकारला. राजा न म्हणवता राज्य करण्यासाठी ‘प्रोटेक्टर’ हा शब्द पुरेसा होता.

८/ आता आपल्या अंगणात येऊ. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर रोजी वसईचा तह झाला. कंपनीने किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज द्यायची. तिच्या खर्चासाठी पेशव्याने वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांतही कंपनीची मध्यस्थी मान्य करायची.

९/ तिसरी जागा इथे तपासावी. १८०२ मध्ये रक्षण होळकरांपासून हवे होते. १८०३ च्या मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर आला. फौज मात्र राहिली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशव्याची लढाई झाली ती रक्षणकर्त्याशीच, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. आपल्याकडे ‘राखणे’ या क्रियापदालाही दोन अर्थ आहेत: सांभाळणे आणि स्वतःकडे ठेवून घेणे. कंपनीने दोन्ही अर्थ वापरले.

१०/ हा शब्द पुढे कायद्यातही मुरला. पुण्या-मुंबईचा रहिवासी ब्रिटिश प्रजाजन होता; कोल्हापूर वा बडोद्यासारख्या संस्थानातला माणूस मात्र ब्रिटिश ‘संरक्षित’ व्यक्ती. पारतंत्र्य एकच, पण दर्जाला नावे दोन.

११/ मार्च १९३९ मध्ये हिटलरने चेक भूमी बळकावली आणि तिला ‘बोहेमिया आणि मोराविया संरक्षित प्रदेश’ असे नाव दिले. हायड्रिख तिथे प्रभारी ‘संरक्षक’ होता. प्रतिकारकांच्या हल्ल्यात तो मेला, तेव्हा जून १९४२ मध्ये लिडित्से हे गावच नष्ट करण्यात आले. तिथे १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या. शब्दाचा अर्थ इतका उलटा क्वचितच झाला असेल.

१२/ इथवर शब्द वापरला गेल्याची उदाहरणे पाहिली. आता तो न वापरल्याचे. बोस्नियातील युद्धात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे नावच ‘संरक्षण दल’ होते. मार्च १९९३ मध्ये त्याचे सेनानी जनरल मोरियों वेढ्यातल्या स्रेब्रेनित्सा शहरात पोहोचले आणि त्यांनी तिथल्या लोकांना संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाचे आश्वासन दिले. १६ एप्रिलच्या ८१९ क्रमांकाच्या ठरावाने शहर ‘सुरक्षित क्षेत्र’ ठरले.

१३/ मग ४ जूनचा ८३६ क्रमांकाचा ठराव आला. दलाने या क्षेत्रांवरचे हल्ले ‘परावृत्त’ करावेत, असे त्यात म्हटले होते. क्षेत्रांचे ‘रक्षण’ करावे असे म्हटले नव्हते; ‘प्रोटेक्ट’ आणि ‘डिफेंड’ हे दोन्ही शब्द टाळले होते. कारण उघड होते. रक्षणाचा शब्द दिला की सैन्य द्यावे लागते. सुमारे ३४,००० सैनिकांची गरज सांगितली गेली. सदस्य राष्ट्रांनी पसंती दिली ती ७,६०० च्या हलक्या पर्यायाला.

१४/ सामान्य माणूस ठरावाची कलमे वाचत नाही. त्याने दलाचे नाव वाचले, सेनानीचे शब्द ऐकले आणि तो शहरात थांबला. ११ जुलै १९९५ रोजी स्रेब्रेनित्सा पडले. तिथे तैनात डच तुकडी ते थोपवू शकली नाही. पुढील काही दिवसांत ८,००० हून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी या कृत्याला वंशसंहार ठरवले.

१५/ १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी आपल्या अहवालात संघटनेच्या अपयशाची कबुली दिली आणि ठरावातील या शब्दनिवडीकडेही लक्ष वेधले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिएरा लिओनसाठीच्या १२७० क्रमांकाच्या ठरावात नागरिकांना संरक्षण देण्याचे काम शांतिसेनेवर प्रथमच स्पष्ट शब्दांत सोपवले गेले. अर्थात ‘क्षमतेच्या मर्यादेत’ ही अट त्यालाही जोडलेली होतीच.

१६/ शब्द दिला तर वसई, शब्द टाळला तर स्रेब्रेनित्सा. मग रक्षण ही केवळ फसवणूकच मानायची का? तसे म्हणता येणार नाही. दुबळ्याला छप्पर लागतेच. फरक अटींत असतो. कोकण-गोव्यात गावाच्या राखणदाराला रोट दिला जातो, पण गाव गावकऱ्यांचेच राहते. वसईत छप्पर घालणाऱ्याने घरच आपल्या नावावर करून घेतले. स्रेब्रेनित्सात छप्पर आहे असे सांगितले गेले, वासे मात्र कोणी दिलेच नाहीत.

१७/ म्हणून जुना तह वाचताना किंवा आजची बातमी वाचताना ‘संरक्षण’ हा शब्द दिसला की चार प्रश्न विचारावेत. रक्षण कोणापासून? ते कोणी मागितले? खर्च कोण देणार? आणि ते नको झाले तर थांबवण्याचा अधिकार कोणाकडे? वसईच्या तहाची कलमे या चार प्रश्नांसह एकदा जरूर वाचून पाहा.